हवेचा दाब, पिवळा दिवा आणि चालकाची जबाबदारी : मोटारीतील टायर-दाब सूचकाचा परिचय
(विशेष संदर्भ : ढाणकी परिसर, जि. यवतमाळ)

गोषवारा : मोटारीच्या चाकांतील हवेचा दाब कमी झाल्याचे सांगणारा पिवळा दिवा अलीकडे मध्यम किमतीच्या गाड्यांतही आढळतो. तो का लागतो, विशेषतः हिवाळ्याच्या पहाटे लागून दुपारी का विझतो, तो लागल्यावर काय करावे आणि तो न लागल्यास काय समजावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. टायर फुटण्याच्या घटनांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने घेतलेली भूमिका आणि सुट्या चाकासंबंधीचा २०२० चा नियम यांच्या संदर्भात ग्रामीण भागातील वाहनधारकापुढील प्रश्न मांडले आहेत.

बीजशब्द : टायर-दाब, सूचक दिवा, स्टेपनी, थंड दाब, निष्काळजीपणा.

प्रस्तावना

ढाणकी हे यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. तुळजापूर–नागपूर हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ उमरखेडवरून जातो. ढाणकी मात्र त्याच्या एका बाजूला आहे. एकीकडे बिटरगाव आणि पैनगंगा अभयारण्याचे जंगल, दुसरीकडे नदीपलीकडचा नांदेड जिल्हा, आणि मध्ये कापूस, सोयाबीन, हळद पिकवणारी काळी जमीन. या भागातील शाळा-महाविद्यालयांचे अनेक शिक्षक उमरखेड, पुसद किंवा नांदेडहून रोज ये-जा करतात. एस.टी.च्या वेळा जमल्या नाहीत म्हणजे चार-पाच जण मिळून एकाच मोटारीने प्रवास करतात. महामार्गावर गाडी वेगात धावते, आडरस्त्यावर खड्डे, गिट्टी आणि बाभळीचे काटे असतात. एकाच चाकाला एकाच दिवशी या दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

अशा गाडीच्या फलकावर एखाद्या सकाळी घोड्याच्या नालेसारखी पिवळी आकृती उमटते. तिच्या मध्यभागी उद्गारचिन्ह असते. ही आकृती म्हणजे टायरचा आडवा छेद होय. खालची दातेरी रेघ ही रस्त्यावर टेकणारी बाजू. चिन्ह जगभर सारखे असले तरी त्याचा अर्थ सांगणारी पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते आणि ती गाडीच्या कप्प्यात वेष्टनासह पडून असते. परिणामी दिव्याविषयी दोन टोकाच्या प्रतिक्रिया दिसतात. काहीजण घाबरून गाडी जागीच उभी करतात. बहुसंख्य मात्र ‘सेन्सर खराब झाला असेल’ असे म्हणून महिनोन्‌महिने तसेच गाडी चालवतात. दुसरी प्रतिक्रिया अधिक धोकादायक आहे.

भार पेलते ती हवा

गाडीचे वजन टायरचे रबर उचलते, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः वजनाचा फार मोठा भाग आत कोंडलेली हवा उचलते. रबर, दोरे आणि पोलादी तारा यांचे मुख्य काम त्या हवेला धरून ठेवण्याचे. एक साधे गणित करून पाहता येईल. बाराशे किलोग्रॅम वजनाच्या मोटारीच्या प्रत्येक चाकावर सरासरी तीनशे किलोग्रॅम भार येतो. टायरमधील दाब ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला ३३ पौंड असेल, तर तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलोग्रॅम होतो. तीनशेला या आकड्याने भागले असता सुमारे १३० चौरस सेंटिमीटर क्षेत्र मिळते. टायरच्या भिंतीचा ताठरपणा बाजूला ठेवला तर एका चाकाचा रस्त्याशी असलेला संबंध एवढाच, म्हणजे जेमतेम तळहाताएवढा आहे. गाडी वळते, थांबते आणि रस्त्यावर टिकते ती अशा चार तळहातांवर.

दाब २२ पीएसआयवर आला की तोच भार पेलण्यासाठी क्षेत्र जवळजवळ १९५ चौरस सेंटिमीटर व्हावे लागते. म्हणजे टायर अधिक चेपतो. क्षेत्र वाढले तर पकड वाढेल, असे वरवर वाटेल. प्रत्यक्षात चेपलेल्या टायरचा मधला भाग सैल पडतो, भार दोन्ही कडांवर जातो, आणि बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचे, सुमारे दोन मीटर परिघाचे चाक सेकंदाला अकरा फेरे घेते. तासाभरात भिंतीचा प्रत्येक भाग चाळीस हजार वेळा वाकतो आणि सरळ होतो. रबर वाकवताना खर्चलेली सर्व ऊर्जा परत मिळत नाही. काही भाग उष्णतेत जातो. तार वारंवार वाकवली की ती गरम होऊन तुटते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. कमी हवेच्या टायरमध्ये अशीच क्रिया आतल्या आत, न दिसता चालू असते. रबर आणि तारांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. पुढे केव्हातरी, बहुधा वेग आणि भार दोन्ही जास्त असताना, टायर फुटतो. फुटण्याचा क्षण आकस्मिक असला तरी त्यामागील कारण अनेक दिवस साचत आलेले असते.

‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी’ : एक घातक समजूत

विदर्भात चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात ४२ ते ४४ अंशांपर्यंत जाणे नवलाचे राहत नाही. उष्णतेने हवा प्रसरण पावते, म्हणून टायर फुटतो. तेव्हा उन्हाळ्यात चार-पाच पौंड हवा कमीच भरावी, असा सल्ला गावोगावी दिला जातो. तो देणारे अनुभवी असतात, त्यांचा हेतूही चांगला असतो. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवणाऱ्या लोहाराला प्रसरणाचे शास्त्र पाठ होते. तोच तर्क येथे टायरला लावला जातो. पण तर्कातील अर्धाच भाग खरा आहे.

बंद भांड्यातील वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. तापमान शून्याखाली २७३ अंशांपासून मोजायचे, आणि दाब मोजताना बाहेरच्या वातावरणाचे १४.७ पौंड मिळवायचे. समजा, मे महिन्यात पहाटे ३० अंश तापमानात टायरमध्ये ३३ पीएसआय हवा भरली. निरपेक्ष दाब झाला ४७.७. दुपारी डांबरी रस्त्यावर धावून आतील हवा ७० अंशांवर गेली, तर निरपेक्ष दाब सुमारे ५४, आणि काट्यावर दिसणारा दाब सुमारे ३९ पीएसआय होईल. म्हणजे सहा पौंडांची वाढ. मोटारीच्या टायरच्या भिंतीवर कमाल दाब छापलेला असतो. तो अनेकदा ४४ किंवा ५१ पीएसआय असतो, आणि तोही थंड टायरसाठी सांगितलेला असतो. धावताना होणारी वाढ निर्मात्याने आधीच गृहीत धरलेली असते. धडधाकट टायर या सहा पौंडांनी फुटत नाही.

याउलट २८ पीएसआयवर निघालेला टायर अधिक वाकतो, त्यामुळे अधिक तापतो, आणि दुपारच्या रस्त्याची उष्णता त्यात भर घालते. उन्हाळ्यात टायर अधिक फुटतात हे निरीक्षण खरे मानले, तरी त्यावर हवा कमी करण्याचा उपाय म्हणजे तापाच्या रुग्णाला घोंगडी पांघरण्यासारखा आहे. तापलेला टायर पाहून वाटेतच हवा सोडणे त्याहून वाईट, कारण संध्याकाळी टायर थंड झाला की दाब आणखी खाली जातो.

नायट्रोजनविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि रबरातून किंचित हळू झिरपतो, एवढा त्याचा लाभ. तापमानाचा नियम त्यालाही तसाच लागू पडतो. नायट्रोजन भरला म्हणून दाब तपासण्याची गरज संपली, असे मानण्यास कोणताही आधार नाही.

दिव्याचा इतिहास

पोर्शे कंपनीच्या ९५९ या मोटारीत १९८६ मध्ये दाब-सूचक यंत्रणा प्रथम बसवण्यात आली. ती फार महागडी गाडी होती. सूचक सर्वसामान्यांच्या गाडीत आला तो मात्र एका मोठ्या दुर्घटनामालिकेनंतर. अमेरिकेत फोर्ड एक्स्प्लोरर या गाडीवरील फायरस्टोन टायरांचे थर वेगात सुटून गाड्या उलटू लागल्या. ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवण्यात आले. तेथील रस्तासुरक्षा प्रशासनाने या टायरांशी २७१ मृत्यूंचा संबंध जोडला. गाडीच्या निर्मात्याने या गाडीसाठी २६ पीएसआय दाबाची शिफारस केली होती. टायर कंपनीचे म्हणणे ३० असावा असे होते. चार पौंडांचा हा वाद दोन जुन्या व्यवसायसंबंधी कंपन्यांना एकमेकींविरुद्ध उभा करून गेला. १ नोव्हेंबर २००० रोजी अमेरिकेत नवा कायदा संमत झाला, २००५ मध्ये त्याखालील अंतिम नियम आला आणि सप्टेंबर २००७ पासून तेथील सर्व नव्या हलक्या वाहनांत हा दिवा सक्तीचा झाला. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना तो बंधनकारक केला.

या नियमांतील एक तपशील भारतीय वाहनधारकानेही जाणून घेण्यासारखा आहे. अमेरिकी नियमानुसार शिफारस केलेल्या दाबापेक्षा २५ टक्के घट झाल्यावर दिवा लागला पाहिजे. युरोपात ही मर्यादा २० टक्के आहे. ३३ पीएसआयच्या टायरसाठी या मर्यादा अनुक्रमे सुमारे २४.८ आणि २६.४ येतात. म्हणजेच ३२ पासून २७ पर्यंत दाब उतरत गेला तरी दिवा मौन पाळू शकतो. दिवा बंद आहे याचा अर्थ हवा बरोबर आहे असा होत नाही. हवा अजून धोक्याच्या रेषेखाली गेलेली नाही, एवढाच होतो. महिन्यातून एकदा हाताने दाब तपासण्याचा नियम म्हणून कायम राहतो.

दोन प्रकारच्या यंत्रणा

पहिल्या प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, बहुधा वॉल्व्हच्या मुळाशी, एक लहान संवेदक असतो. तो दाब आणि तापमान मोजून रेडिओलहरींनी गाडीतील संगणकाला कळवतो. त्याची बॅटरी साधारणपणे पाच ते दहा वर्षे टिकते आणि ती बहुधा वेगळी बदलता येत नाही. संवेदकच बदलावा लागतो. अशा अनेक गाड्यांत चारही चाकांचा दाब आकड्यांत दिसतो. हा प्रकार अधिक विश्वासार्ह होय.

दुसऱ्या प्रकारात चाकात काहीही नसते. ब्रेक लावताना चाक घसरू नये म्हणून असलेल्या एबीएस यंत्रणेत प्रत्येक चाकाचा वेग मोजणारे संवेदक आधीच असतात. टायरची हवा कमी झाली की त्याची परिणामी त्रिज्या किंचित घटते आणि ते चाक इतरांपेक्षा किंचित जलद फिरते. हा सूक्ष्म फरक संगणक टिपतो. यंत्रणा स्वस्त आणि हुशारीची आहे. पण ती तुलनेवर चालते. चारही चाकांतील हवा सारखीच उतरली, तर केवळ वेगाच्या तुलनेवर अवलंबून असलेल्या यंत्रणेला ते ओळखणे कठीण जाते. शिवाय ‘योग्य दाब’ कोणता हे तिला मालकानेच सांगावे लागते. हवा भरल्यानंतर फलकावरील ठरावीक कळ किंवा पर्याय वापरून तिला पुन्हा शिकवावे लागते. हवा न भरताच केवळ दिवा घालवण्यासाठी ही कळ दाबली, तर यंत्रणा कमी दाबालाच योग्य दाब मानू लागते. तापमापी पुसून ताप उतरवण्याचा हा प्रकार दुर्दैवाने सर्रास आढळतो.

आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे ठाऊक नसेल, तर फलकावर प्रत्येक चाकाचा आकडा दिसतो का ते पाहावे. दिसत असेल तर पहिला प्रकार. बाजारात वॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसवण्याचे संवेदकही मिळतात. ज्या गाडीत मूळ यंत्रणा नाही तिच्यासाठी ते उपयोगी आहेत, मात्र ते बाहेर असल्याने चिखलाने खराब होतात आणि सहज चोरीसही जातात.

पहाटे लागणारा आणि दुपारी विझणारा दिवा

आता सर्वाधिक गोंधळ उडवणाऱ्या प्रसंगाकडे वळू. ऑक्टोबरमधील एका दुपारी, तापमान ३५ अंश असताना, गाडीत ३३ पीएसआय हवा भरली. डिसेंबरातील पहाटे तापमान १२ अंशांवर आले. वरील सूत्रानुसार केवळ थंडीमुळे दाब सुमारे २९.४ पर्यंत उतरतो. धडधाकट टायरमधूनही महिन्याला साधारण एक पौंड हवा झिरपते. दोन महिन्यांचे दोन पौंड वजा केले की उरतात २७.४. आता एका टायरमध्ये बाभळीचा बारीक काटा रुतला आहे आणि तो आठवड्याला अर्धा-पाऊण पौंड हवा घालवीत आहे असे मानू. महिन्याभरात तो टायर पंचविसाच्या खाली येतो आणि एका सकाळी सात वाजता दिवा लागतो. गाडी वीस किलोमीटर धावल्यावर टायरमधील हवा पंधरा-वीस अंशांनी तापते, दाब दोन-तीन पौंडांनी वाढतो, आणि अनेक गाड्यांत दिवा आपोआप विझतो. महाविद्यालयाच्या आवारात पोहोचेपर्यंत सारे काही ठीक झालेले असते. ‘सेन्सर खराब’ हा निष्कर्ष येथेच निघतो.

वास्तविक संवेदकाने दोन्ही वेळा खरे सांगितलेले असते. पहाटेचे सांगणे अधिक महत्त्वाचे, कारण शिफारस केलेला दाब हा थंड टायरचा असतो. गाडी किमान तीन तास उभी असावी, किंवा ती सावकाश दोन-एक किलोमीटरपेक्षा अधिक चाललेली नसावी. तेव्हाचा दाब म्हणजे थंड दाब. पहाटे लागून दुपारी विझणारा दिवा सलग दोन-तीन दिवस दिसल्यास चारही चाकांचा थंड दाब मोजावा. सर्वांचा सारखा उतरला असेल तर ऋतुमानाचा परिणाम; एकाच चाकाचा इतरांपेक्षा तीन-चार पौंडांनी कमी असेल तर काटा, खिळा, वॉल्व्हची गळती किंवा खड्ड्याने दबलेली रिम. हा फरक कळण्यासाठी कोणत्याही मेकॅनिकची आवश्यकता नाही; खिशात मावणारा दाबमापक पुरेसा आहे.

दिवा लागल्यावर

गाडी चालू असताना दिवा लागला तर प्रथम वेग हळूहळू कमी करावा. जोराचा ब्रेक आणि एकदम वळण टाळावे. गाडी एका बाजूला ओढत असेल, स्टिअरिंग जड वाटत असेल किंवा फटफट असा आवाज येत असेल तर सुरक्षित जागा पाहून थांबावेच. पूर्ण बसलेल्या टायरवर एखादा किलोमीटर गेले तरी त्याची भिंत आतून चुरली जाते आणि किरकोळ पंक्चरचा टायर भंगारात काढावा लागतो. काटा किंवा खिळा दिसल्यास तो उपटू नये. तोच बऱ्याच अंशी हवा अडवून धरीत असतो.

गाडी सरळ चालत असेल आणि टायर डोळ्यांना बरा दिसत असेल, तर सावकाश जवळच्या हवेच्या ठिकाणापर्यंत जाता येते. येथे एक इशारा आवश्यक आहे. आजकालचे रेडियल टायर हवा भरपूर असतानाही खालून थोडे फुगलेले दिसतात, आणि दहा पौंड कमी असतानाही जवळजवळ तसेच दिसतात. डोळ्यांनी किंवा लाथ मारून दाब ओळखण्याची जुनी पद्धत ट्रॅक्टर आणि टायरच्या बैलगाडीपुरती ठीक होती.

हवा किती भरावी? पंक्चरच्या दुकानात ‘किती टाकू?’ या प्रश्नाला ‘टाका पस्तीस’ हे ठरलेले उत्तर असते. योग्य उत्तर गाडीवरच लिहिलेले असते. चालकाचे दार उघडले की खांबावर किंवा दाराच्या कडेला एक पट्टी चिकटवलेली असते. काही गाड्यांत ती इंधनाच्या झाकणामागे असते. तीत पुढच्या व मागच्या चाकांचे दाब दिलेले असतात, आणि बहुतेकदा दोन रकाने असतात : एक कमी माणसांसाठी, दुसरा पूर्ण भारासाठी. पाच प्राध्यापक, त्यांच्या पिशव्या आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घेऊन रोज जाणारी गाडी दुसऱ्या रकान्यात मोडते. टायरच्या भिंतीवरील आकडा हा कमाल मर्यादा आहे. तो भरावयाचा दाब नव्हे. पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. तेथील मापकाचा काटा नेहमीच विश्वसनीय असतो असे नाही, म्हणून आपल्या मापकाने पडताळून पाहावे. तापलेल्या टायरमध्ये हवा भरावी लागल्यास शिफारशीपेक्षा थोडी अधिक भरून दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त करावी.

दिवा प्रत्येक वेळी गाडी सुरू करताच मिनिट-दीड मिनिट लुकलुकून नंतर स्थिर राहत असेल, तर तो दाबाविषयी बोलत नाही. यंत्रणेतच बिघाड असल्याचे सांगतो. संवेदकाची बॅटरी संपणे, संवेदक तुटणे किंवा संवेदक नसलेली स्टेपनी लावणे ही त्याची नेहमीची कारणे. टायर काढताना पहारीच्या टोकाने संवेदक तुटण्याचे प्रकार लहान गावांत अधिक होतात, आणि त्याचा दोष दुकानदाराला देणे बरोबर नाही. आत काय आहे हे त्याला बाहेरून दिसत नाही. ‘वॉल्व्हपाशी सेन्सर आहे, टायर त्याच्या विरुद्ध बाजूने सोडवा’ एवढे वाक्य आधी सांगितले तर बराच खर्च वाचतो. वॉल्व्हची टोपी प्लास्टिकचीच असावी. ॲल्युमिनियमच्या नळीवर दुसऱ्या धातूची शोभिवंत टोपी बसवली तर ओलाव्याने ती गंजून चिकटते आणि काढताना वॉल्व्हच मोडतो.

टायर फुटणे ही देवाची करणी काय?

अपघाताच्या बातम्यांत ‘टायर फुटल्याने’ हे शब्द वारंवार येतात. त्यांतून एक सूचित अर्थ निघतो : माणसाच्या हाती काही नव्हते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. टायर फुटल्याने बस अनियंत्रित झाली, असे चालकाने प्रथम सांगितले. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या प्राथमिक अहवालाला मात्र टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. या दुर्घटनेची पूर्ण मीमांसा येथे अभिप्रेत नाही. ‘टायर फुटला’ हे स्पष्टीकरण किती सहज पुढे येते, एवढेच त्यातून दिसते. त्याच वर्षी परिवहन विभागाने समृद्धी महामार्गावर वाहनांचे टायर तपासण्याची मोहीम हाती घेतली आणि झिजलेल्या टायरांच्या वाहनांना प्रवेश नाकारण्याचे धोरण अवलंबिले.

या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२३ मधील निर्णय मूलगामी ठरतो. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या मोटारीचे मागील टायर फुटले, गाडी खोल खड्ड्यात कोसळली आणि ३८ वर्षांचा एक प्रवासी मरण पावला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये त्याच्या कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपये भरपाई मंजूर केली. विमा कंपनीने अपिलात असा मुद्दा घेतला की टायर फुटणे ही देवाची करणी असून चालकाचा निष्काळजीपणा नाही. न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी तो फेटाळला. अतिवेग, कमी किंवा जास्त हवा, जुने वापरलेले टायर आणि तापमान अशी टायर फुटण्याची अनेक कारणे असू शकतात. प्रवासापूर्वी टायरची स्थिती तपासणे हे चालकाचे किंवा मालकाचे काम आहे. म्हणून हे मानवी निष्काळजीपणाचे उदाहरण ठरते, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

हा निर्णय भरपाईच्या दाव्यातील आहे, हे खरे. त्यात सूचक दिव्याचा प्रश्न नव्हता. परंतु त्यातील तर्क पुढे नेल्यास एक गंभीर मुद्दा उपस्थित होतो. दिवा नसलेल्या गाडीचा मालक ‘हवा कमी होती हे कळलेच नाही’ असे निदान म्हणू शकतो. ज्याच्या डोळ्यांसमोर तीन आठवडे पिवळा दिवा जळत होता त्याला तेही म्हणता येणार नाही. अनेक गाड्यांचे संगणक अशा सूचनांची नोंदही ठेवतात. सहकाऱ्यांना घेऊन गाडी चालवणाऱ्या शिक्षकाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

स्टेपनीचा प्रश्न

सुट्या चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास मोटारींसाठी सुटे चाक तयार होऊ लागले, त्यावरून हा शब्द आला. इंग्रजांच्या देशात तो विस्मृतीत गेला. उमरखेडच्या बसस्थानकावर मात्र कोणालाही तो समजतो. या स्टेपनीचे भवितव्य पिवळ्या दिव्याशी जोडले गेले आहे. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीत ट्यूबलेस टायर, दाब-सूचक यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचा संच असल्यास सुटे चाक देणे निर्मात्याला बंधनकारक नाही. जागा वाचते, वजन घटते, विद्युत मोटारींत बॅटरीसाठी अवकाश मिळतो, हे त्यामागील समर्थन आहे.

शहरात हे समर्थन पटण्यासारखे आहे. ढाणकी–बिटरगाव रस्त्यावर ते तपासून घ्यावे लागते. दुरुस्ती संचातील चिकट द्रव काट्याचे किंवा खिळ्याचे छिद्र बुजवतो, तेही रस्त्यावर टेकणाऱ्या भागात असेल तरच. शेतातून वळताना पऱ्हाटीच्या खुंटाने भिंत चिरली, किंवा खड्ड्याच्या धारेने टायर फाटला, तर द्रव काही कामाचा नाही. शिवाय काही प्रकारचे द्रव आतील संवेदकाचे तोंड बुजवतात, म्हणजे दिव्याच्या भरवशावर स्टेपनी गेली आणि द्रवामुळे दिवाही गेला, अशी स्थिती उद्भवते. अभयारण्यालगतच्या रस्त्यावर रात्री मोबाइलला सिग्नल नसेल, तेव्हा रस्त्यावर मिळणाऱ्या मदतीची कंपनीची हमी कागदावरच राहते.

म्हणून या भागात नवी मोटार घेणाऱ्याने रंग आणि पडद्याचा आकार विचारण्याआधी डिकीतील गालिचा उचलून पाहावा. स्टेपनी असेल तर ती पूर्ण आकाराची आहे की अरुंद, हे पाहावे. अरुंद चाकावर वेगमर्यादा लिहिलेली असते. तिच्यात संवेदक बहुधा नसतो, त्यामुळे ती लावल्यावर दिवा जळत राहणे स्वाभाविक आहे. स्टेपनीतील हवेकडे तर कुणाचेच लक्ष नसते, आणि तिच्याविषयी फलकावर कोणताही दिवा लागत नाही. महिन्याच्या तपासणीत पाचवे चाक मोजले नाही तर गरजेच्या वेळी तेही बसलेलेच निघते. तिच्या भिंतीवरील चार अंकी आकडाही वाचून ठेवावा. पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. न वापरलेले रबरही वयाने कडक होते. स्टेपनी नसेल, तर संचातील द्रवाच्या बाटलीवरील मुदत पाहावी, हवा भरण्याचा छोटा पंप एकदा घरीच चालवून पाहावा, आणि सुटे चाक वेगळे विकत मिळते का, तसेच डिकीत त्यासाठी जागा आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.